उतरवलेली दोरी

१

शनिवारची सकाळ प्रितम मेश्रामनं धनुष्यासाठी राखून ठेवलेली होती. आठवडाभर बॉथेलच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि शनिवारी चहाचा कप घेऊन गॅरेजमध्ये यायचं, खुंटीवरचं धनुष्य काढायचं आणि दोरीवरून बोट फिरवत तिची तब्येत पाहायची, असा त्याचा रिवाज. मुलगी झाल्यापासून नेमबाजीच्या हॉलवर जाणं बंदच झालं होतं, पण ही तपासणी त्यानं सोडली नव्हती. बापाला घरात स्वतःचं म्हणून एवढंच उरतं.

नागपूरच्या माणसानं अमेरिकेत येऊन शिकारीचं धनुष्य घ्यावं, याचं मित्रांना भारी नवल. गिरीश भेटला की विचारायचा, धनुष्यबाण म्हणजे नक्की कुठल्या गटाचा रे तू? बायको उपासना म्हणायची, आधी पंचशील म्हण आणि मग जा बाण मारायला. सरावाच्या फोमच्या हरणाला प्राण नसतो, असं प्रितमचं त्यावर ठरलेलं उत्तर होतं. कुणाच्या तरी घर हलवण्याच्या सेलमध्ये त्यानं ते धनुष्य स्वस्तात घेतलं होतं, आणि त्याचा आधीचा इतिहास विचारायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

खऱ्या रानात तो एकदाच गेला होता, ऑफिसातल्या डेलबरोबर. पानांआडून एक हरिणी पुढं आली. प्रितमनं दोरी गालापर्यंत ओढली. हरिणीला काय समजलं कोण जाणे, पण ती पळाली नाही. जिथल्या तिथं थिजून उभी राहिली. कान ताठ, डोळे उघडे, श्वास धरलेला. प्रितमच्यानं काही बाण सोडवला नाही. बाण मारायचा नसेल तर ताणलेली दोरी सावकाश पुढं नेऊन उतरवावी लागते, तशी त्यानं ती उतरवली आणि हरिणीला जीवदान दिल्याचं समाधान मानून घेतलं. डेल त्याच्याकडे बघून हसला होता.

"दोरी उतरवली म्हणजे सोडून दिलं असं नसतं," तो म्हणाला होता. "हात थकले, एवढंच. आता आणखी जवळ जायचं आणि पुन्हा ओढायची. हे काम बंदुकीसारखं लांबून होत नाही."

दोरी कधी बदलायची हे प्रितमला तोंडपाठ होतं. तिच्यावर लव उठली की मेण चोळायचं. मेणानंही लव बसली नाही, एखादा धागा तुटला, मधल्या भागावर गुंडाळलेला दोरा सुटायला लागला, की बदलायची. यातलं काही दिसलं नाही तरी दोन-तीन वर्षांनी बदलायचीच, कारण दोरी सांगून तुटत नाही. आणखी एक खूण होती ती कडीची. शिकारीच्या धनुष्याच्या दोरीत, धाग्यांच्या मधोमध, शेंगदाण्याएवढी एक कडी अडकवलेली असते. दोरी ओढली की तिचं भोक बरोबर डोळ्यासमोर येतं आणि त्यातून नेम धरायचा. दोरी जुनी होऊन ताणली गेली की तिचा पीळ बिघडतो आणि कडी फिरते.

त्या शनिवारी प्रितमनं गॅरेजमध्ये उभं राहून दोरी ओढून पाहिली, तर डोळ्यासमोर भोक नव्हतंच. कडी डावीकडे वळली होती, म्हणजे त्याच्या पाठीच्या बाजूला. दोरीला पीळ देऊन त्यानं ती सरळ केली. पुढच्या शनिवारी पाहतो तो पुन्हा तशीच, पाठीकडे. त्याच्या मागं चिकटून उभ्या असलेल्या, मानेवरून डोकावणाऱ्या माणसासाठी कुणी ती बसवली असती तर जशी बसवली असती, अगदी तशी.

दोरी जुनी झाली, प्रितम स्वतःशी म्हणाला. नियम सोपा होता आणि सोप्या नियमांवर त्याचा विश्वास होता.

२

धनुष्यबाणांच्या दुकानातल्या माणसानं नवी दोरी चढवली, तिला कडीही नवी बसवली, आणि जुनी दोरी काउंटरवर टाकत म्हणाला की टाकण्याआधी कात्रीनं हिचे तुकडे कर. का, असं प्रितमनं विचारलं. उगाच कुणी उचलून दुसऱ्या कशाला लावू नये म्हणून, असं तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. प्रितमनं दोरी जाकिटाच्या खिशात कोंबली. घरी जाऊन कापू म्हणाला आणि विसरला.

विसरला ते कांताबाईंच्या तावडीत सापडलं. कांताबाई उपासनाच्या आई. लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरहून आल्या होत्या, येताना डिंकाचे लाडू आणि बाळंतशेपा कस्टमवाल्यांच्या नाकावर टिच्चून घेऊन. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन बाबा-बुवांच्या हातचलाख्या लोकांसमोर उघड्या पाडायच्या, हवेतून अंगारा कसा काढतात ते स्वतः करून दाखवायच्या. नात झाली तरी घरात तीट नाही, काळा दोरा नाही, दृष्ट काढणं तर दूरच. सकाळी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर वंदना घ्यायची आणि मग सगळ्या खोल्यांतून व्हॅक्यूम फिरवायचा. अमेरिकेत त्यांना मनापासून आवडलेली वस्तू ती एकच. व्हॅक्यूम फिरवला की गालिच्यावर वहीसारख्या ओळी उमटतात, त्या मोडू नयेत म्हणून त्या सगळ्यांना कडेकडेनं चालायला लावत.

जाकीट धुवायला घेताना त्यांना ती दोरी सापडली. हिरव्या-तपकिरी धाग्यांची, बोटाला गुळगुळीत लागणारी, दोन्ही टोकांना तयार फासे असलेली. पाळण्याची दोरी नेमकी त्याच आठवड्यात तुटली होती. तो लाकडी पाळणा पार्सिपनीहून क्युपर्टिनोला आणि तिथून उपासनाची मैत्रीण यामिनी हिच्यामार्फत बॉथेलला आला होता. मराठी घराघरांतून फिरून त्यानं प्रितमपेक्षा जास्त अमेरिका पाहिली होती. संध्याकाळी प्रितम खाली आला तेव्हा कांताबाई पाळण्यासमोर बुटक्या स्टुलावर बसून मेथी निवडत होत्या. दोरीचा एक फासा पाळण्याच्या आकड्यात होता आणि दुसरा त्यांच्या पायाच्या अंगठ्यात.

"इतकी मजबूत दोरी फेकायला काढली होती का तुम्ही, प्रितमराव?"

दुकानदाराचं बोलणं त्याला आठवलं. पण सासूसमोर कात्री काढून चांगली दोरी कापायची म्हणजे उधळ्या ठरायचं, आणि तुकडे करायला सांगण्याचं कारण तर साधंच होतं. शिवाय पाळण्यात दीक्षा झोपली होती. जन्मल्यापासून ज्या पोरीनं आई-बापाला सलग झोप कशी असते ते विसरायला लावलं होतं, ती मुकाट झोपली होती. प्रितमनं आवाज न करता पाय मागं घेतले.

३

दोन आठवडे त्या घरात सुख नांदलं. उपासनाची रजा संपून ती लॅबवर जाऊ लागली. पहिल्या दिवशी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडलेली उपासना चौथ्या दिवशी गाणं गुणगुणत घरी आली. दीक्षा दुपारभर झोपते म्हणून.

प्रितम आठवड्यातले काही दिवस वरच्या खोलीतून काम करायचा. खालून पाळण्याचा आवाज यायचा. दोरी ताणली की हलकी गुणगुण उठायची, सैल पडली की थांबायची. धनुष्याच्या दोरीला तो आवाज असतोच, त्यात काही विशेष नव्हतं. विशेष एवढंच होतं की हळूहळू ती गुणगुण लांबत चालली. पाळणा म्हटला की ओढणं-सोडणं, ओढणं-सोडणं. इथं ओढणं तेवढं ऐकू यायचं.

त्यानं एकदा जिन्यातून वाकून पाहिलं. कांताबाई झोका देत नव्हत्या. त्यांनी दोरी ओढून नुसती धरून ठेवली होती आणि पाळणा त्यांच्या बाजूला तिरका होऊन अधांतरी थांबला होता.

"झोका देत नाही का, आई?"

"गरज नाही," त्या हळूच म्हणाल्या. "ओढून धरली की लगेच शांत होते. सोडली की उठते."

त्याचं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. दोरी आता अंगठ्यात नव्हती. कडीच्या थोडं खाली त्यांनी ती बोटांत धरली होती, तर्जनी वर, दोन बोटं खाली, आणि उरलेलं टोक मांडीवर पडलं होतं. हात उजव्या गालाला टेकलेला, अंगठा जबड्याखाली गेलेला. जुन्या पद्धतीचे धनुर्धर दोरी अशी धरतात. तो स्वतः तशी धरत नव्हता, त्याच्याकडे मनगटाला बांधायचं, चाप दाबून दोरी सोडायचं यंत्र होतं. त्याला पाहून शिकल्या म्हणावं तर तेही शक्य नव्हतं.

त्यानं मनाला समजावलं. जड वस्तू धरायची तर हात कुठंतरी टेकवावा लागतो, गाल जवळचा. पाच बोटांच्या हातात तीन बोटांनी धरणं यात कसली विद्या? नागपूरला विहिरीवरची बादलीही त्या तशीच धरत असतील.

मग त्यानं कडी पाहिली. ती कांताबाईंच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होती आणि डावीकडे वळलेली होती, त्यांच्या खांद्यामागच्या मोकळ्या जागेकडे. कडीचं भोक मुळातच तिरकं असतं. त्या जागेवरून कुणी वाकून डोळा लावला असता तर त्याला भोकातून पाळण्याचं तोंड बरोबर दिसलं असतं.

त्यानं कडी चिमटीत धरून फिरवली. सोडल्याबरोबर ती परत गेली, शांतपणे, घाई न करता.

४

कांताबाईंच्या डाव्या खांद्यामागं मागच्या अंगणाचं सरकतं काचेचं दार होतं. बाहेर लाकडी डेक आणि पलीकडे उंच झाडं. रोज सकाळी तिथं हरणं यायची आणि उपासनानं लावलेले गुलाब खाऊन जायची. हल्ली गुलाब फुलायला लागले होते, म्हणजे हरणं येईनाशी झाली होती. उपासनाला त्याचा आनंदच झाला.

दाराच्या आतल्या बाजूला, गालिच्यावर, प्रितमला दोन खुणा दिसल्या. व्हॅक्यूमच्या सरळ ओळींमध्ये दोन लांबट खड्डे पडलेले. सोफ्याच्या पायांचे असतील असं त्याला वाटलं, पण सोफ्याला चार पाय असतात आणि सोफा तिथं कधी ठेवलेला नव्हता. तो त्या खड्ड्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. एक पाऊल इकडे, एक तिकडे, खांद्यांइतकं अंतर ठेवून, पाळण्याला सामोरं न जाता त्याला एक कूस दाखवून. असं आडवं उभं राहायला त्याला स्वतःला शिकायला दोन महिने लागले होते. सामान्य माणूस कुठलीही गोष्ट बघायला असा उभा राहत नाही.

त्या रात्री जेवताना तो म्हणाला की ती दोरी बदलूया. तिला मेण असतं, रसायनं असतात, लहान बाळाच्या जवळ बरं नाही. खरं कारण काय सांगणार? त्या घरात त्या गोष्टीला शब्दच नव्हता. दुसऱ्या कुठल्या घरात आजीनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या असत्या, कुणाला तरी फोन झाला असता. इथं तसं म्हणणं म्हणजे कांताबाईंच्या सगळ्या आयुष्यावर पाणी ओतणं, आणि प्रितमच्या आई-बापांच्याही.

"प्रितम, प्लीज यार," उपासना म्हणाली. "ती झोपतेय ना? मग कशाला हात लावतोस?"

कांताबाई डाव्या हातानं जेवत होत्या. उजव्या हाताची तीन बोटं लाल झाली होती आणि त्यांवर खोल वळ उमटले होते. प्रितमनं विचारलं तेव्हा त्यांनी हात पदराखाली घेतला आणि वात असेल म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यानं साधी सुती दोरी आणून बांधली. दीक्षा सकाळपासून रडायला लागली ती आवाज बसेपर्यंत रडली. दुपारी आवाज एकदम थांबला. खाली येऊन पाहतो तर सुती दोरी कचऱ्याच्या डब्यात आणि जुनी परत आकड्यात. कांताबाई स्टुलावर बसलेल्या होत्या, हात गालाला.

"मला तिचं रडणं पाहवेना," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा थकलेला दिसत होता, आणि त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

५

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारची मीटिंग चालू होती, कॅलिफोर्नियातला कुमार कुठल्याशा तारखा पुढं ढकलण्याबद्दल बोलत होता, आणि खालून ती गुणगुण येत होती. प्रितमला तिची सवय झाली होती. म्हणूनच ती थांबली तेव्हा त्याचे कान टवकारले. दोरी सैल पडली असती तर दीक्षा रडली असती. ती रडली नाही. गुणगुण संपते ती सैल दोरीची, तशीच पूर्ण ताणून स्थिर झालेल्या दोरीचीही, हे ध्यानात आलं आणि तो हेडफोन टाकून जिन्याकडे धावला.

ऊन काचेतून आत आलं होतं, सगळी खोली उजळलेली. कांताबाई स्टुलावर ताठ बसल्या होत्या. त्यांचा हात गालाच्याही मागं, कानापर्यंत गेला होता. पाळणा इतका तिरका झाला होता की त्याचं मागचं लाकूड करकरत होतं.

"झोपली का?" त्यानं विचारलं.

"केव्हाची."

स्टुलावरून पाळण्याच्या आतलं दिसत नाही. पाळण्याच्या कडांना उपासनानं मऊ गादी शिवली होती. इतक्या दिवसांत दोरी ताणलेली असताना पाळण्यात कुणीच डोकावलं नव्हतं, कारण झोपलेल्या बाळाला जागं करायचं नसतं. प्रितम पाळण्यापाशी गेला आणि वाकला.

दीक्षा झोपलेली नव्हती. तिचे डोळे टक्क उघडे होते. हात-पाय जिथल्या तिथं थांबलेले, मुठी अर्धवट वळलेल्या. पापणी हलत नव्हती. छातीवरचं झबलं हलत नव्हतं. ती आजीकडे पाहत नव्हती, वाकलेल्या बापाकडेही पाहत नव्हती. आजीच्या डाव्या खांद्यामागं बघत होती. हे थिजणं प्रितमनं यापूर्वी एकदा पाहिलं होतं, दोरीच्या दुसऱ्या बाजूनं.

पोरगी इतके दिवस झोपत नव्हतीच. ती लपत होती.

"आई," तो आवाज शांत ठेवत म्हणाला, "एकदम सोडू नका. हात हळूहळू पुढं आणा."

कांताबाईंच्या कपाळावर घाम होता. त्या समोर बघत, ओठ फारसे न हलवता बोलल्या.

"मी कुठं ओढून राहिली, प्रितमराव? मी तर केव्हाची सोडायला पाहून राहिली."

त्यानं दीक्षाला उचलायला हात घातले आणि थांबला. पाळण्यातलं वजन गेलं असतं तर त्याबरोबर दोरीही सुटली असती, आणि ताणलेली दोरी सुटली की काय होतं ते त्याला ठाऊक होतं. बाण नव्हता, तरीही. तो तसाच वाकलेला पाळण्याच्या आणि कडीच्या मध्ये सरकला, मुलीला पाठीशी घेऊन. आता कडी त्याच्या डोळ्यांच्या पातळीला होती, हातभर अंतरावर. तिच्या भोकातून पलीकडचं काचेचं दार दिसायला हवं होतं. ऊन दिसायला हवं होतं. कडीच्या चारही बाजूंना ऊनच ऊन होतं.

भोक काळं होतं.

प्रितम पाहत राहिला. भोक क्षणभर उजळलं आणि पुन्हा काळं झालं.

त्यानं अधिक काही पाहिलं नाही. कडीच्या मागं, कांताबाईंच्या खांद्यावरून, काय असेल ते पाहायला मान जरा वाकडी केली असती तरी पुरलं असतं, पण त्यानं ती केली नाही. त्यानं दोन्ही हातांनी दोरी धरली आणि हळूहळू पाळण्याकडे न्यायला लागला. म्हाताऱ्या बाईच्या तीन बोटांचं ते वजन नव्हतं. हरीण आडवं पाडणाऱ्या धनुष्याला ओढताना खांद्यात जो भार येतो, तो त्याला पुरता ओळखीचा होता. तो भार अगोदर जागचा हलेना, मग कुरकुरत, बोट-बोटभर मोकळा होत गेला. शेवटी पाळणा सरळ झाला, दोरी लोंबली, आणि दीक्षानं श्वास घेऊन असा टाहो फोडला की प्रितम आनंदानं रडू लागला.

कांताबाई उठल्या. स्वयंपाकघरातून कात्री आणली आणि त्या दोरीचे बोटाएवढे तुकडे केले. कडी त्यांनी पाट्यावर ठेवून वरवंट्यानं फोडली.

"हातात गोळा आला होता," तुकडे पिशवीत भरता भरता त्या म्हणाल्या. "स्नायू आखडला की माणसाला हात सोडवत नाही. शरीरशास्त्रात आहे ते."

"हो," प्रितम म्हणाला.

उपासनाला दोघांनी मिळून तेवढंच सांगितलं.

६

शनिवारी त्यानं धनुष्य उचललं आणि दुकानात नेऊन दिलं. पैसे नकोत, फक्त ठेवून घ्या, म्हणाला. दुकानातल्या माणसाला फुकटच्या वस्तूचा संशय आला असावा. त्यानं धनुष्य उजेडाकडे धरून नीट पाहिलं, दोरीवरून नख फिरवलं.

"दोरी बदलायला झालीय," तो म्हणाला.

प्रितम म्हणाला की दोरी नवीन आहे, तूच तर चढवलीस. माणसानं मान हलवून ती पुढं केली. सगळ्या दोरीवर लव उठली होती. मधल्या भागाचा गुंडाळलेला दोरा उसवला होता, आणि तोही चापाच्या जागी नाही, त्याच्या वर-खाली, बोटांच्या जागी. नवी कडी पुरती वळलेली होती.

"बराच सराव करतोस वाटतं," तो म्हणाला.

चढवल्यापासून ते धनुष्य गॅरेजच्या खुंटीवरच होतं. दोरी नवी म्हणून शनिवारची तपासणीही त्यानं केली नव्हती. ज्या भिंतीत ती खुंटी होती, तिच्या पलीकडे बैठकीची खोली होती आणि भिंतीला लागून पाळणा.

प्रितम गाडी भरधाव चालवत घरी आला. उपासना भाजी आणायला गेली होती. कांताबाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, व्हॅक्यूमचा दांडा एका हातात, खांद्यावर दीक्षा. काचेच्या दारापाशी गालिचा स्वच्छ होता, ओळी सरळ होत्या. प्रितमला हायसं वाटलं. मग त्याला दिसलं की पाळण्याच्या अलीकडे, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ, व्हॅक्यूमच्या ओळी एकमेकींवर आडव्या-उभ्या कितीतरी वेळा फिरल्या होत्या. आणि त्या सगळ्या गिचमिडीच्या वर ते दोन खड्डे होते. लांबट, खांद्यांइतक्या अंतरावर, पाळण्याला आडवे.

डेल काय म्हणाला होता ते त्याला शब्दन् शब्द आठवलं. आता आणखी जवळ जायचं आणि पुन्हा ओढायची.

"गालिचा जुना आहे," कांताबाई म्हणाल्या. "दबतो."

"हो, आई."

त्यांनी व्हॅक्यूम बाजूला ठेवला. कोपऱ्यातली चटई आणली, नेमकी त्या खुणांवर अंथरली आणि तिच्यावर मांडी घालून बसल्या, पाठीचा कणा ताठ ठेवून. दीक्षाला मांडीवर घेतलं.

"आजपासून हिला मी मांडीवरच झोपवते. पाळणा देऊन टाका कुणाला तरी."

प्रितमनं मान हलवली. दोघांचीही नजर फ्रिजकडे गेली. तिथं चुंबकाखाली कांताबाईंच्या परतीच्या तिकिटाचा कागद लावलेला होता, या महिनाअखेरचा.

दीक्षा मजेत होती. पाय झाडत होती, आजीच्या चष्म्याची दांडी ओढत होती, तोंडानं बुडबुडे काढत होती. कांताबाई तिला काहीबाही सांगत होत्या. बोलता बोलता त्या थांबल्या, कारण नातीचा हात चष्म्यावरून निसटून खाली आला होता. तिचे पाय थांबले होते. ती आजीच्या डाव्या खांद्यावरून वर बघत होती, अगदी जवळ, नुकतंच कुणी वाकलं असावं इतक्या जवळ.

"इथं काहीच नाही," कांताबाई म्हणाल्या, शाळेत म्हणत असतील तशा खणखणीत आवाजात. पण त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

पुढं व्हावं आणि पोरीला उचलून घ्यावं, दार उघडावं, गाडीत घालावं, असं प्रितमनं ठरवलं. दोन पावलांचं काम होतं. त्यानं ते ठरवलं आणि तो जिथल्या तिथं उभा राहिला, कान ताठ करून, श्वास धरून. बराच वेळ गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण हललेलो नाही. त्या दिवशी रानात ती हरिणी का पळाली नव्हती, ते त्याला आत्ता कळलं.